गहाण घर आणि भाच्याचे पाय

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण तिकडे भाचा वाकतो आणि मामा खिशातून नोट काढतो. गोंदियाकडच्या आम्हा पोवारांत मात्र भाचा काल जन्मलेला असो की मिसरूड फुटलेला, वाकायचं मामानेच. शंभर ब्राह्मण जेवू घातले काय आणि एक भाचा जेवू घातला काय, पुण्य सारखंच, असं आमची म्हातारी माणसं सांगत आली. मीही माझ्या भाचीच्या पाया पडत आलो आहे. रीत तशी गोड आहे. पण या रितीने माझ्या बहिणीचं घर गिळलं, तेव्हापासून या रितीचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं.

बहिणीचा नवरा, म्हणजे आमच्याकडे जावईच, मुन्नालाल हरिणखेडे. तिरोड्याच्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत शिपाई. माझं तिरोड्यातच पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून बांधून द्यायचं दुकान आहे. माझी धाकटी बहीण रविता त्याला दिली, तेव्हा लोक म्हणाले, शिपायाला काय देता. मी म्हटलं, पगार पहिल्या आठवड्यात होतो आणि माणूस दारू पीत नाही, याहून मोठा जावई मला परवडत नाही.

मुन्नालाल मवाळ होता, पण भित्रा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला भित्रा म्हणाल. दहावीच्या परीक्षेत एकदा संस्थेच्या सचिवाचा मेव्हणा चिठ्ठ्या घेऊन फाटकाशी आला. मुन्नालालने फाटक उघडलं नाही. सचिवाने फोन केला, मुख्याध्यापक स्वतः धावत आले, तरी हा कुलुपाची किल्ली मुठीत धरून उभाच. पेपर सुटल्यावरच फाटक उघडलं. एवढा कणा होता त्याला. फक्त भाचा समोर आला की तो कणा कुठे जायचा, देव जाणे.

दोन हजार दोन साली त्याने घर बांधलं. बँकेचं कर्ज, बारा वर्षांची फेड, हप्ता शाळेतूनच पगारातून कापला जायचा. घर तीन खोल्यांचं, समोर सपरी म्हणजे पडवी, मागे वालाचे वेल चढवायला मोकळी जागा. दाराची चौकट बिजा लाकडाची. सालेकशाकडच्या लाकूड डेपोतून ती चौकट त्याने ट्रकवाल्याच्या पाया पडून आणली होती. वायरिंग मी केलं, मजुरी घेतली नाही. जावयाकडून मजुरी घेतली असती तर आमच्या म्हातारीने मलाच घराबाहेर काढलं असतं. घर झालं तेव्हा त्यांची एकुलती एक पोर, प्राची, सहावीत होती. प्रत्येक बटण दाबून ती दिवे लावायची आणि मुन्नालाल मागून हिंडत विझवायचा. वीज फुकट जाते म्हणून नव्हे, बटण खराब होईल म्हणून.

फाटकाचा हिशेब सचिवाने उशिरा चुकता केला. दोन हजार सातला मुन्नालालची बदली दरेकशाकडच्या डोंगरात, संस्थेच्या दुसऱ्या शाळेवर झाली. तिरोड्याहून गोंदिया, गोंदियाहून पुन्हा डोंगरगडची पॅसेंजर, मग स्टेशनावरून पायी. रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. एक वर्ष त्याने तिकडे एकट्याने हाताने भात शिजवून काढलं. पोटाचं दुखणं लागलं तेव्हा रविता म्हणाली की आता सगळेच तिकडे जाऊ. प्राचीला गोंदियाला नर्सिंगला घालायचं होतं, त्यालाही पैसे लागणार होते. तेव्हा घर विकायचं ठरलं.

आता गहाण घर कसं विकायचं? घराच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा, मूळ कागद बँकेच्या कपाटात. पण त्यातून सरळ वाट निघते, आणि ती मी स्वतः बँकेत बसून विचारून आलो. घेणाऱ्याने उरलेलं कर्ज परस्पर बँकेत भरायचं, बँकेने कर्ज फिटल्याचा दाखला आणि कागद द्यायचे, बोजा उतरवायचा, आणि मग रजिस्ट्री करून उरलेले पैसे विकणाऱ्याच्या हातात. कुणाचं कुणाकडे काही राहत नाही. असा घेणारा मी शोधलाही. केशोराव नावाचे निवृत्त ग्रामसेवक. कागदाला कागद लावून बोलणारा माणूस, हसणं कमी आणि वायदा पक्का. सौदा ठरला, केशोरावांनी पेढे आणले, सोमवारी बँकेत जायचं नक्की झालं.

रविवारी मुन्नालालची बहीण सुलोचनाबाई आली. सोबत तिचा मुलगा गुलशन.

सुलोचनाबाईबद्दल खोटं बोलणार नाही. मुन्नालाल लहान असताना त्यांची आई गेली आणि या मोठ्या बहिणीने त्याला वाढवलं. लग्न होऊन सासरी गेली तेव्हा भावालाही पदराला बांधून घेऊन गेली, सासूचे टोमणे खाऊन त्याला दोन घास घातले. हे उपकार होतेच. पण तिने ते कधी विसरू दिले नाहीत, हेही तेवढंच खरं. गुलशन हा तिचा मोठा. तिरोड्याला वीज प्रकल्पाचं बांधकाम सुरू होत होतं आणि तिथे मजूर पुरवायचं काम त्याला मिळालं होतं. गावात घर हवं होतं.

ती आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मुन्ना, भाचा दारात उभा असताना घर परक्याले कायले देऊन राहिला?"

मुन्नालाल आधीच गुलशनच्या पाया पडून बाजूला उभा होता. गुलशनने तोंडभरून सांगितलं की इसार आज देतो, बँकेचा हप्ता दर महिन्याला मामाच्या हातात आणून देतो, कर्ज संपलं की रजिस्ट्री करू आणि उरलेली रक्कम तेव्हा एकदम. बँकेला सांगायची गरज नाही, बोजाबिजा आपोआप उतरेल. मी मध्ये पडलो. म्हटलं, निदान हे सगळं लिहून तरी घ्या, हप्ता चुकला तर काय करायचं ते लिहा. सुलोचनाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो. मामा भाच्याकडून लिहून घेणार? भाच्यावर अट घालणार? मुन्नालालने मला हाताने थांबवलं. इसाराची एक चिठ्ठी झाली, तीही मी हट्ट धरला म्हणून, आणि तीत इसाराच्या रकमेशिवाय फारसं काही नव्हतं. केशोरावांचे पेढे परत करायला मीच गेलो. त्यांनी डबा घेतला आणि एवढंच म्हणाले की नात्यात घर विकणाऱ्याला घरही राहत नाही आणि नातंही.

रविता रडली नाही. तिने बिजाची चौकट ओल्या फडक्याने पुसली आणि सामान ट्रकवर चढवलं.

गुलशनने हप्त्याचे पैसे पहिलं वर्ष दिले. कधी पूर्ण, कधी अर्धे, पण दिले. नंतर एक महिना चुकला, मग दोन, मग देणं ही गोष्टच त्याच्या डोक्यातून निघून गेली. आता यातली गोम पाहा. हप्ता मुन्नालालच्या पगारातून कापला जात होता. बँकेला तो वेळेवर मिळत होता. नोटीस नाही, कुणी दारात येत नाही, कुणाला काही कळत नाही. मुन्नालाल दरेकशाच्या डोंगरात कौलं गळणाऱ्या एका खोलीत राहून तिरोड्याच्या घराचा हप्ता फेडत होता, आणि त्या घरात गुलशन राहत होता. नुसता राहत नव्हता. प्रकल्पावर बाहेरून आलेली माणसं खोल्या शोधत फिरत होती, भाडी भडकली होती. गुलशनने मागच्या मोकळ्या जागेत ओळीने चार खोल्या काढल्या, वालाचे वेल उपटून. त्यांचं भाडंच हप्त्यापेक्षा जास्त येत होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळात भाडेकरू ठेवत नाही.

मी दर वेळी मुन्नालालला म्हणत होतो, मागा. तोंड उघडा. त्याला जावईबापू म्हणायचं आणि त्याच तोंडाने शिव्या द्यायच्या, हे काही जमत नाही. जावई आमच्यात देवाच्या खालोखाल. मी त्याला बोलू शकत नव्हतो, तो भाच्याला बोलू शकत नव्हता. एकाने दुसऱ्याचे पाय धरायचे आणि सगळ्यांनी गप्प बसायचं, यालाच आम्ही संस्कार म्हणतो. एकदा दिवाळीला मी फारच मागे लागलो तेव्हा तो बोलला.

"ज्याचे पाय धरलो, त्याच्यापाशी हिशेब कसा मांगू, ओमेश्वरभाऊ?"

"मंग पाय नोका धरू," मी म्हटलं.

तो हसला. त्या हसण्याचा मला राग आला आणि अजूनही आहे. कारण त्याच दिवाळीला भाऊबीजेनंतर गुलशन गाडी घेऊन दरेकशाला आला होता, आणि मुन्नालालने त्याच्या पाया पडून, त्याला शर्टाचं कापड आणि वर शंभराची नोट दिली होती. हप्ता मागायचा होता, तो राहिला, वरून दक्षिणा गेली. रविताने त्या दिवशी दोन भाज्या केल्या. गुलशन जेवून ढेकर देऊन गेला आणि तिने त्याचं ताट घासताना इतकं आपटलं की काठ वाकला. ते वाकडं ताट तिने जपून ठेवलंय. मला दाखवते कधी कधी.

प्राचीचं नर्सिंग कसं झालं ते विचारू नका. अर्धं मी पाहिलं, अर्धं रविताच्या गळ्यातल्या पोतीने. गोंदियाला एका दवाखान्यात ती लागली. बापावर तिचा फार जीव, म्हणून ती घराचं कधी बोलायची नाही.

दोन हजार चौदाला कर्ज संपलं. शेवटचा हप्ता कापला गेला, बँकेने दाखला दिला, मूळ कागद दिले. मुन्नालाल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ माझ्या दुकानात आला. रविताही होती. सात वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसला. आम्ही तिघं वकिलाकडे गेलो. वकिलाने इसाराची चिठ्ठी वाचली, किती पैसे आले ते विचारलं, आणि म्हणाला की बोलल्याप्रमाणे समोरच्याने काही पाळलेलं नाही, घर कागदावर तुमच्याच नावाचं आहे आणि बोजाही उतरला. नोटीस देऊ. एक तर आजच्या भावाने पूर्ण पैसे देईल, नाही तर जागा सोडेल. दोन्हीत तुमचंच बरं आहे. प्रकल्पामुळे तिरोड्यात घरांचे भाव कुठल्या कुठे गेले होते. रविताने तिथेच मनात हिशेब केला असावा, कारण बाहेर येऊन ती म्हणाली की प्राचीच्या लग्नाची काळजी मिटली.

मुन्नालाल म्हणाला, नोटीस नको, मी स्वतः जाऊन सांगतो. कागद दाखवतो, उरलेले पैसे दे म्हणतो. मागायला तयार झाला, हेच आम्हाला मोठं वाटलं. रविता म्हणाली, "तुमाले बोलनं होत नसन त मले येऊ द्या." तो नको म्हणाला. मला मात्र सोबत घेतलं. रस्त्याने तो काय बोलायचं ते पुटपुटत होता. फाटकाशी उभा राहिलेला मुन्नालाल मला पुन्हा दिसला, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, आज होतंय.

त्याच्याच घराच्या सपरीत गुलशन खुर्चीत बसला होता, बाजूला सुलोचनाबाई तांदूळ निवडत होती. बिजाची चौकट दिसली नाही. तिथे लोखंडी फाटक बसवलं होतं. मुन्नालाल त्या जागेकडे पाहत क्षणभर थांबला आणि सपरीत चढला.

आणि मग तो वाकला.

सवय हो. वर्षानुवर्षांची सवय. भाचा समोर आला, हात गेले. पण पाया पडायला दोन्ही हात लागतात आणि त्याच्या हातात ती पिशवी होती. त्याने ती खाली ठेवली. खाली म्हणजे गुलशनच्या पायाशी. दोन्ही हातांनी पाय शिवले, हात कपाळाला लावले, आणि पिशवी उचलायला पुन्हा वाकणार, तेवढ्यात सुलोचनाबाईने ती उचलली. आत डोकावली. दाखला ओळखण्याइतकं तिला वाचता येत होतं. पिशवी कपाळाला लावून ती म्हणाली, "भाच्याच्या पायाशी ठेवलं, ते दान झालं. माह्या मुन्नानं आज शंभर बामनाचं पुन्य कमावलं."

मी ओरडलोच. म्हटलं, दान कसलं, बाई, हिशेब करायला आलोय आम्ही. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती भावाकडे पाहत होती. भाच्याच्या पायाशी ठेवलेलं मामा परत उचलत नाही, हे मुन्नालालला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. ज्या बाईने त्याला सासूच्या ताटातला घास काढून घातला होता, ती त्याच्याकडे पाहत बसली होती. मुन्नालालचा हात पिशवीच्या दिशेने अर्ध्यावर गेलेला मी पाहिला. मग तो हात त्याने पंच्याला पुसला.

"चला, ओमेश्वरभाऊ," तो म्हणाला.

वकील म्हणाला, काही बिघडलेलं नाही. पिशवी कुणाकडे आहे याला कायद्यात किंमत नाही, तुमची सही झाल्याशिवाय घर कुठे जात नाही. हे मी मुन्नालालला दहा वेळा समजावलं. रविताने समजावलं. तिने जेवण सोडलं. तो एकच म्हणत राहिला की आता ते दान झालं. महिन्याभरात त्याने गोंदियाला असलेल्या प्राचीला न कळवता रजिस्ट्री कचेरीत जाऊन सही केली. विक्रीची नव्हे, बक्षीसपत्राची. गुलशनने तोच मसुदा करून आणला होता, म्हणजे उरलेले पैसे द्यायलाच नको. त्यात लिहिलं होतं की मामाने भाच्यावरील प्रेम व आपुलकीपोटी, कोणत्याही मोबदल्याशिवाय, राजीखुशीने हे घर दिलं. बारा वर्षांचे हप्ते, आणि कोणत्याही मोबदल्याशिवाय. एका अर्थी खरंच लिहिलं होतं त्यात.

नंतर मुन्नालाल निवृत्त झाला. दरेकशाची खोली सोडावी लागली. तिरोड्यात खोली शोधू लागला तेव्हा गुलशन म्हणाला की मागच्या चारपैकी एक रिकामी आहे, मामाने तिथे राहावं. मला वाटलं, चला, एवढी तरी लाज आहे. पण मध्ये सुलोचनाबाई बोलली. ज्याला दान दिलं त्याचं फुकट घेतलं तर दान बुडतं, भाच्याच्या घरी मामाने फुकट राहिलं तर पाप लागतं. म्हणून भाडं घ्यायचं. मुन्नालालने मान डोलावली, कारण रीत तशीच आहे. घेताना रीत त्यांची आणि देतानाही रीत त्यांचीच, आमच्या वाट्याला फक्त पाळणं.

तर आता माझा जावई त्याने बांधलेल्या घराच्या मागे, वालाचे वेल होते त्या जागेवरच्या खोलीत भाड्याने राहतो. पेन्शन आली की पुढे जातो, वाकतो आणि भाडं भाच्याच्या पायाशी ठेवतो. रविता पुढच्या फाटकाने कधी जात नाही. मागच्या नालीवरून फळी टाकून तिने आपली वाट केली आहे.

गेल्या दिवाळीला प्राची माझ्या घरी आली. सुटी एका दिवसाची, दवाखान्यातूनच सरळ आलेली. मी नेहमीप्रमाणे तिच्या पाया पडायला वाकलो. ती माझी भाची, मी तिचा मामा, ती पाळण्यात होती तेव्हापासून वाकत आलोय. तिने दोन्ही पाय झटकन मागे घेतले आणि खाटेवर चढून बसली, पदराखाली पाय झाकून.

"मामा, माह्या पाया नोका पडू," ती म्हणाली. "मले आता त्याचं भेव लागते."

मी तसाच वाकलेला राहिलो. हात जमिनीवर टेकले होते, ते उचलून कुठे ठेवावेत ते मला कळेना.